झाकून ठेवलेली भेट

आमच्या देशाने त्या देशाला डायलिसिसची सात यंत्रं भेट दिली आणि आठ महिने ती कोणाला वापरू दिली नाहीत. आज मी हे एका सरळ वाक्यात लिहू शकतो. तेव्हा लिहिता आलं नाही, आणि ते भोगावं लागलं दुसऱ्यांना.

मी तिथल्या आमच्या वकिलातीत प्रथम सचिव होतो. पद ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात दोन मजली इमारत, खाली व्हिसाची खिडकी, वर राजदूतसाहेबांची खोली, शेजारी माझी, आणि मधल्या जागेत एक झेरॉक्सचं मशीन. ते चालू झालं की आम्ही एकमेकांना हाका मारून सांगायचो. बड्या देशांच्या वकिलाती पलीकडच्या रस्त्यावर होत्या; त्यांच्या एकेका कुंपणात आमच्यासारख्या चार मावल्या असत्या. आम्ही बडे नव्हतो आणि लहानही नव्हतो. मी स्वतः तीन भावांतला मधला, त्यामुळे हे दुखणं माझ्या घरचंच. थोरल्याला मान मिळतो, धाकट्याचे लाड होतात, आणि मधल्याला ‘मीही आहे’ हे सारखं सांगावं लागतं. आमच्या परराष्ट्र खात्याचं निम्मं काम तेच.

त्या वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आम्हाला खुर्ची हवी होती. खुर्चीला मतं लागतात, आणि तिथे लहान देशाचंही मत एक आणि बड्याचंही एक. म्हणून यंत्रं. भेट खोटी होती असं मात्र कोणी समजू नये. यंत्रं उत्तम होती. आमचे दोन तंत्रज्ञ तीन आठवडे राहिले, सरकारी रुग्णालयाच्या पूर्वेकडच्या खोलीत त्यांनी ती बसवली, पाणी शुद्ध करायच्या टाक्या जोडल्या, सातही चालवून पाहिली. मग पुन्हा त्यांच्यावर प्लास्टिक चढवलं, चिकटपट्ट्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मेट्रनच्या, म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिकेच्या, हातात देऊन विमानात बसले.

कारण हस्तांतर आमच्या मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. ही आमच्या खात्याची जुनी रीत. मंत्री फीत कापणार, करारावर सही करणार, तोवर वस्तू कागदोपत्री आमची. दाराशेजारी लावायला पितळी पाटी करून घेतली होती, तीवर मंत्र्यांचं नाव आणि तारीख. ती तारीख गेली, कारण मंत्रिमहोदयांना दुसऱ्या एका देशात जास्त महत्त्वाचं मत सापडलं. नवी पाटी केली. मग त्यांचा घसा बसला. तिसऱ्या वेळी अधिवेशन लांबलं. पाटी कोरणारा म्हातारा मला म्हणाला, “साहेब, या खेपेला तारखेची जागा मोकळी ठेवू का? छिन्नी घेऊन येतो आयत्या वेळी.” मी हसलो. तेव्हा मला त्या गोष्टीचं हसू येत होतं, हेही लिहून ठेवायला हवं.

आता चाळीसबद्दल. वकिलातीच्या ड्रायव्हरला आम्ही सगळे चाळीस म्हणायचो, कारण गाडीचा काटा त्याने कधी चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. राजदूतसाहेब विमान चुकायच्या बेतात असले तरी नाही. तो बोलायचाही तसाच, जपून. त्याची बायको शाळेत शिकवायची आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी वकिलातीत येऊन मला त्यांची भाषा शिकवायची. तिला मी मास्तरीणबाई म्हणायचो. ती मला लोकांसमोर साहेब म्हणायची आणि खोलीचं दार लोटलं की ‘विद्यार्थी’.

बाई वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तिने हातात लाल पेन घेतलं की मी खुर्चीत सरळ बसायचो. दर आठवड्याला मी दहा वाक्यांचा निबंध लिहायचा, असा दंडक होता. एकदा माझा निबंध वाचून तिने वही मिटली आणि म्हणाली, “विद्यार्थी, दहाची दहा वाक्यं बरोबर आहेत. पण यात माणूस कुठाय? पूल बांधला गेला, रस्ता केला गेला, आनंद व्यक्त झाला. कोणी केला? कोणाला झाला? तुमच्या देशात माणसं राहतात की नाही?”

“राहतात, पण ती दुसऱ्या खात्यात असतात,” मी म्हणालो. ती खूप हसली. मग खाली वाकून तिने चपलेचा पट्टा सैल केला. पाय सुजले होते. आजाराचं तिसरं वर्ष होतं ते.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. शहरात त्या एका रुग्णालयातच डायलिसिस होत असे, आणि तिथे दोन जुनी यंत्रं. तीन पाळ्यांत चालवली तरी एकतीस माणसांना पुरायची नाहीत. ज्याला आठवड्यातून तीनदा लागतं त्याला एकदा मिळायचं, आणि कधी एखादं यंत्र रुसून बसलं तर नवव्या-दहाव्या दिवशी. यादी मेट्रन सांभाळायची. ही मेट्रन म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण. यादीत बहिणीचा नंबर अकरावा होता. आजार ज्या क्रमाने आला तो क्रम. त्यात मेट्रनने एका नंबराचीही ढवळाढवळ केली नव्हती.

मी एकदा बाईंना भेटायला तिथे गेलो. लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, बाकांवर आपली पाळी येण्याची वाट बघणारी माणसं. बाई बाकाच्या टोकाला मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत बसली होती. तिच्या बरोबर समोर पूर्वेकडच्या खोलीचं दार, वर काच. काचेतून सात पांढरे आकार दिसत होते.

“आत सात जणी पांघरूण घेऊन झोपल्यात,” ती म्हणाली. “उठवायचं नाही म्हणे, पाहुणे यायचेत.”

शेजारच्या बाकावरची दोन माणसं हसली. मीही हसलो असेन. बाईने पुढची वही उघडली आणि मला विचारलं, “तुमचे मंत्री कधी येणार?” मी म्हणालो, लवकरच. लवकरच हा शब्द आमच्या धंद्यात श्वासासारखा बाहेर पडतो.

त्या दिवशी परत येऊन मी आमच्या राजधानीला तार लिहिली. आता तार कोणी करत नाही, संगणकावरून संदेश जातो, पण खात्यात अजून तारच म्हणतात. मनातलं वाक्य होतं: इथे माणसं बोळात बसलीत आणि आपण कुलूप लावून बसलोय. कागदावर आलं ते असं: सदर यंत्रं मंत्रिमहोदयांच्या दौऱ्यापूर्वी मर्यादित स्वरूपात कार्यान्वित करण्याबाबत योग्य वेळी विचार होऊ शकेल काय, याविषयी मार्गदर्शन व्हावं. राजदूतसाहेबांनी चष्मा लावून ते वाचलं, ‘मर्यादित’च्या आधी ‘अत्यंत’ घातलं आणि म्हणाले, “छान. कोणाला टोचत नाही.” मलाही ते छान वाटलं. वीस वर्षांत मला हीच कला आली होती, दगडाला कापूस गुंडाळून देण्याची. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: योग्य वेळी विचार केला जाईल.

पुढे चार महिने मी त्या उत्तराच्या आड उभा राहिलो. विचारलंय, उत्तर आलंय, आपण आपलं केलं. बाई मंगळवारी यायची, शुक्रवारचं जमेनासं झालं. मग मंगळवारीही मीच तिच्या घरी जाऊ लागलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी टेबल, टेबलावर त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीची पुस्तकं आणि आईची औषधं एकाच डब्यात. बाई खुर्चीत बसून शिकवायची. पाणी मोजून प्यावं लागायचं, दिवसाला दोन पेले. तिसऱ्या वेळी तहान लागली की ती मला एखादं अवघड वाचन द्यायची आणि डोळे मिटून ऐकायची. चाळीस मला तिथे सोडायचा आणि स्वतःच्याच घराबाहेर गाडीत बसून राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, “ड्यूटीवर आहे साहेब.” या सगळ्या काळात त्याने मला त्या यंत्रांबद्दल अवाक्षर विचारलं नाही. मी वाट बघत होतो की तो विचारेल. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, त्याची तयारीही करून ठेवली होती.

मग राजदूतसाहेब गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने मायदेशी गेले आणि वकिलातीचा कारभार माझ्याकडे आला. त्या रविवारी बायकोचा फोन आला. ती मुलाच्या शाळेसाठी तिकडेच राहिली होती. मी तिला बाईंबद्दल सांगत होतो, नेहमीसारखं, दर रविवारी सांगायचो तसं.

“अहो, हस्तांतराच्या कागदावर सही कोणाची लागते?” तिने मध्येच विचारलं.

“मंत्र्यांच्या हस्ते असतं ते.”

“हस्ते नाही विचारलं. सही कोणाची चालते?”

“राजदूतांची. आता सध्या माझी.”

“मग?”

“तसं नसतं ते.”

“कसं असतं?” ती म्हणाली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती मुलाच्या परीक्षेचं काहीतरी बोलायला लागली. तिचा माझ्यावरचा राग मला तिच्या त्या मुकाट्याने विषय बदलण्यातून कळतो. पंचवीस वर्षं कळतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हस्तांतराचा कागद स्वतः टाइप केला, सही केली, गोल शिक्का मारला. पुढच्या बढतीवर पाणी सोडलं असं मनात म्हणत होतो, आणि त्यात थोडा तोराही होता. चाळीसला म्हणालो, “रुग्णालयात घे.” त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण काटा चाळीसवरच ठेवला.

मेट्रनची खोली बोळाच्या टोकाला होती. उंच, पांढऱ्या केसांची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

“म्हणजे यंत्रं आता आमची?”

“आजपासून. कुलूप काढा.”

ती उठली नाही. “फिल्टर आणि नळ्या किती आल्यात, माहितेय ना तुम्हाला? तीन महिन्यांच्या. नंतरच्या कुठून यायच्या?”

“करार झाला की दर तीन महिन्यांनी येतील. पाच वर्षं.”

“करारावर सही कोण करणार?”

“मंत्री.”

“आणि तुम्ही असं परस्पर सुरू करून दिलंत म्हणून ते चिडले, आलेच नाहीत, तर?”

“तीन महिन्यांत नक्की येतील हो.”

“साहेब, आठ महिने होत आले, तुम्ही हेच सांगताय.” तिचा आवाज चढला नव्हता. तिने माझ्या मागे बोट दाखवलं. कोपऱ्यात एक मोठं यंत्र होतं, त्यावर धुतलेल्या चादरींची चळत. “ते एक्स-रेचं. तुमच्याहून मोठ्या देशाने दिलं होतं. एका बैठकीत आमचे मंत्री त्यांच्या बाजूने बोलले नाहीत, इतकंच झालं. सुटे भाग यायचे थांबले. तेव्हा फोटो थांबले. हे मध्येच थांबलं तर माणसं थांबतील. आज ही एकतीस जणं आठवड्याच्या एका खेपेवर कशीबशी तग धरून आहेत. तुमची यंत्रं सुरू झाली की गावोगावचे आणखी साठ येतील, मी त्यांना नाही कसं म्हणू? आणि चौथ्या महिन्यात नव्वद जणांना काय सांगू?”

मी म्हणालो, “तुमची बहीण बाहेर बाकावर बसलीये.”

तसं बोलायला नको होतं. तिने कागदाची नीट घडी घातली आणि तो माझ्याकडे सरकवला. “मी रोज तिच्यासमोरून जाते. मला सांगू नका ती कुठे बसलीये. तुमची सही मला नको. फिल्टर येत राहतील, मंत्री येवोत न येवोत, असा एक कागद आणा. त्याच क्षणी कुलूप काढते.”

तो कागद माझ्या हातात नव्हता. मोठं शौर्य करायला निघालो होतो, आणि जे लागत होतं ते शौर्य नव्हतंच. एक साधं, आधीच करून ठेवायचं काम होतं.

त्या दुपारी मी आयुष्यातली पहिली सरळ तार लिहिली. रुग्णांची यादी मेट्रनकडून मागून घेतली आणि जोडली. पस्तीस नावं होती, त्यांतल्या चार नावांवर रेघ. लिहिलं, की ही चार माणसं यंत्रं आल्यानंतर गेली. अकराव्या नंबरची बाई शिक्षिका आहे, वय एकेचाळीस, मला भाषा शिकवते, आणि फिल्टरच्या हमीचा कागद या आठवड्यात आला नाही तर तीही जाईल. मायदेशी असलेल्या राजदूतसाहेबांना न कळवता पाठवली.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मंत्रिमहोदयांचा दौरा पुढील महिन्याच्या चार तारखेला निश्चित. करार तेव्हाच होईल. खाली एक ओळ: यापुढे भावनिक भाषा टाळावी.

मास्तरीणबाई अठ्ठावीस तारखेला गेली. तिची खेप आदल्या दिवशी होती. जुन्या दोनपैकी एक यंत्र बंद पडलं आणि तिची पाळी पुढे ढकलली गेली. सकाळी शाळेत जायला म्हणून उठली, खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली नाही.

मी घरी गेलो तेव्हा मेट्रन मुलीचे केस विंचरत होती. कोणी रडत नव्हतं, रडून झालं होतं. चाळीस बाहेरच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. काय बोलायचं ते मला चार वर्षं जिने भाषा शिकवली तिने शिकवलं नव्हतं.

तोच म्हणाला, “साहेब, एकदा तुम्हाला विचारणार होतो मी. मागच्या महिन्यात. तीच नको म्हणाली.”

“का?”

“म्हणाली, त्यांना नाही म्हणावं लागेल. त्यांच्यावर ती वेळ आणू नकोस, चांगला माणूस आहे.”

तो हे मला दोष द्यायला सांगत नव्हता. बायकोची एक आठवण सांगत होता. मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते मी त्याला बोलूनही दाखवलं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सांत्वन कोणी कोणाचं करायचं, त्याचाही मला पत्ता नव्हता.

मंत्र्यांच्या दौऱ्याआधी दोन दिवस आमच्या राजधानीहून, खात्यात त्या देशाचं काम बघणारा अधिकारी आला. माझ्याच तुकडीतला, जुना मित्र. संध्याकाळी माझ्या खोलीत बसला असता त्याने स्वतःहून विषय काढला. “तुझी ती शेवटची तार. अरे, असं आधीच लिहायचं ना! हमीचा कागद म्हणजे काय, सहसचिवांच्या सहीचं काम. पहिल्या तारेतच हे असतं तर मी चार दिवसांत करून दिला असता. ही तार येईपर्यंत दौरा ठरला होता म्हणून मग कोणी हात लावेना.”

“पहिल्या तारेत विचारलं होतं मी.”

“काय विचारलं होतंस? अत्यंत मर्यादित, योग्य वेळी.” तो फाईल चाळत म्हणाला. “आम्हाला वाटलं तिथे घाई नाही. इथल्या आरोग्य खात्याचीही पत्रं बघ, ‘आम्ही आनंदाने प्रतीक्षा करत आहोत.’ आठ महिन्यांच्या फाईलमध्ये कोणी आजारी आहे असं एका कागदावर नाही. ना त्यांनी लिहिलं, ना तू.”

त्याने फाईल माझ्यापुढे केली. मी पान न् पान पाहिलं. खरंच नव्हतं.

चाळीसला मी रजा घ्यायला सांगितलं होतं. तो म्हणाला, “घरी बसून भिंती बघू का?” त्यामुळे चार तारखेला विमानतळावरून मंत्र्यांना त्यानेच आणलं. मंत्रिमहोदय माणूस वाईट नव्हते. हसतमुख, प्रवासाने थकलेले, खिडकीबाहेरचं सगळं कौतुकाने बघत होते. मी पुढच्या सीटवर. गाडी फारच हळू चाललीये म्हणून त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, पण बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “याला विचारा ना, किती वर्षं आहे आपल्याकडे? घरी कोण कोण असतं?”

मी चाळीसला त्याच्या भाषेत विचारलं. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. “सांगा त्यांना, चौदा वर्षं. घरी सगळे बरे आहेत.”

मी माझ्या भाषेत मंत्र्यांना सांगितलं, चौदा वर्षं, घरी सगळे बरे आहेत. “वा,” ते म्हणाले. रुग्णालय येईपर्यंत मी खिडकीची काच खाली करून तोंडावर वारा घेत राहिलो.

बोळातली बाकं हलवली होती. वाट बघणारी माणसं मागे भिंतीशी उभी केली होती, पुढे खुर्च्या, पहिल्या रांगेत त्यांचे आरोग्यमंत्री. मेट्रन दाराशी. चौथी पाटी भिंतीवर, या वेळी तारीख बरोबर. करारावर सह्या झाल्या. फीत कापली गेली. मंत्रिमहोदय बोलायला उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी, दुभाषा म्हणून. त्या शहरात दोन्ही भाषा नीट येणारा आमचा माणूस मीच होतो. जिने शिकवलं ती मागे भिंतीशी उभ्या रांगेत नव्हती.

ते तीन-चार वाक्यं बोलायचे आणि थांबायचे. मी भाषांतर करायचो. दोन देशांचा स्नेह, आरोग्याचं महत्त्व, सगळं नीट पार पडलं. मग ते म्हणाले, “खरा मित्र तोच, जो गरजेच्या वेळी धावून येतो. आज आम्ही धावून आलो आहोत.” आणि टाळ्यांसाठी हसून माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. ते वाक्य मला त्यांच्या भाषेत येत होतं, व्याकरणासकट. समोर मेट्रन होती. बोळाच्या टोकाला टोपी हातात घेऊन चाळीस. मी म्हणालो, “ही यंत्रं आठ महिन्यांपूर्वी इथे आली. चालू होती. आम्ही ती बंद ठेवली, कारण आमच्या पाहुण्याला यायला सवड नव्हती. तेवढ्या काळात तुमची पाच माणसं गेली. उशीर आम्ही केला. मी केला. मला आमच्या राजधानीला लिहायचं होतं आणि मी नीट लिहिलं नाही.”

मंत्रिमहोदय हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. राजधानीहून आलेल्या मित्राला त्यांची भाषा येत नव्हती, तोही हसत होता. भिंतीशी उभ्या माणसांतल्या एकाने खोकून घेतलं. मला वाटलं, आता काय व्हायचं ते होवो, कोणी ओरडो, कोणी उठून जावो. मला ते हवं होतं.

त्यांचे आरोग्यमंत्री पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी मान वर केली, आमच्या मंत्र्यांकडे पाहिलं, आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या मागची रांग वाजवायला लागली. मग भिंतीशी उभी असलेली माणसंही, सुजलेल्या हातांनी. पाहुण्याची लाज राखली त्यांनी, भरल्या सभेत, सगळं ऐकून. मंत्रिमहोदयांनी हात जोडले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “किती मनापासून घेतलं हो यांनी.”

मला रडू आवरेना. ते त्यांना आनंदाचं वाटलं असावं, कारण त्यांनी माझी पाठ थोपटली.

मेट्रनने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती आत जाऊन कात्रीने प्लास्टिक फाडत होती, एकामागून एक. सातही मोकळी करून ती दाराशी आली, हातात यादी. मी अजून तिथेच उभा होतो, भाषणाचा कागद हातात धरून.

“साहेब, दारातून बाजूला व्हा,” ती म्हणाली. “माणसं आत घ्यायचीत.”

मी बाजूला झालो. तिने पहिलं नाव वाचलं.